तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्ड पीयूचा घ्यावा की एपॉक्सीचा?

सर्फिंगमध्ये थोडं रुळलेल्या माणसाकडून हा प्रश्न हमखास येतो: "एकच बोर्ड घ्यायचाय. टिकायला हवा आणि वळायला जडही नको. पीयू घेऊ की एपॉक्सी?"

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हा बोर्डाच्या आतला फोम, तर एपॉक्सी हे बाहेरच्या काचकापडात मुरवलेलं रेझिन. जोड्या ठरून गेल्यात म्हणून आपण असं बोलतो. पीयूवर पॉलिएस्टर रेझिन, ही १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनची रीत. दुसरा फोम ईपीएस, म्हणजे थर्माकोलचाच दाट भाऊबंद. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने तो विरघळतो, म्हणून त्यावर एपॉक्सीच लागतं. ५ डिसेंबर २००५ ला क्लार्क फोम हा अमेरिकेतला सर्वांत मोठा पीयू-ब्लँकवाला (ब्लँक म्हणजे ज्यातून बोर्ड कोरतात तो फोमचा कच्चा ठोकळा) एका दिवसात बंद झाला, आणि तोवर ईपीएसकडे ढुंकूनही न बघणारे कित्येक शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारे कारागीर, नाइलाजाने त्याकडे वळले.

लाटेवर दोन्हींत फरक जाणवतो. ईपीएस हलका असतो आणि जास्त तरंगतो. मऊ, छोट्या लाटेत त्याने वेग लवकर येतो. पण वारा सुटून पाणी खडबडीत झालं की तो पायाखाली थरथरतो. पीयू थोडा जड असल्यामुळे ती थरथर गिळतो. मला स्वतःला पीयूच आवडतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल माहीत असेल.

आता टिकण्याचं. इथे बहुतेक लोक फोमवरून वाद घालत बसतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त उत्तर कापडात असतं. स्पर्धेच्या बोर्डावर सहसा डेकला, म्हणजे उभं राहायच्या वरच्या बाजूला, ४ औंसाचे (हे कापडाचं दर चौरस यार्डाचं वजन) दोन थर आणि खाली एक असतो. ज्यांना वर्षभरात बोर्ड बदलायचाच असतो त्यांच्यासाठी ते ठीक. तुम्ही डेकवर एक थर ४ चा आणि एक ६ चा मागा. सहा फुटी बोर्डाचा डेक साधारण पाऊण चौरस मीटरचा. तेवढ्या जागेत २ औंस जास्तीचं कापड आणि त्यात मुरणारं रेझिन धरून वजन वाढतं जेमतेम शंभर ग्रॅम. ओला वेटसूट याच्या कित्येक पट जड असतो, त्याची मात्र कुणी तक्रार करत नाही! शिवाय फिनभोवती (बोर्डाच्या खालचे पर) आणि मागच्या पायाखाली जादा पट्टी टाकून घ्या, कारण टाचेचा सगळा जोर तिथेच पडतो. डेकवर उथळ खळगे पडणारच, त्यांना घाबरू नका. दाबल्यावर कापड आत-बाहेर हलायला लागलं की मात्र ते फोमपासून सुटलंय असं समजा. आणि बोर्डाच्या मधोमध जाड लाट कोसळली तर कुठलंही बांधकाम तुटू शकतं. तसं होणार नाही अशी हमी कुणी दिली तर ती ऐकून सोडून द्या.

तडा गेल्यावर पीयू पाणी पितो, पण ते बरंचसं जखमेच्या आसपास राहतं. ईपीएसच्या मण्यांमधल्या फटींतून ते आत दूरवर जातं आणि वाळायला फार वेळ लागतो. तापलेल्या गाडीत ठेवलेल्या ईपीएस बोर्डाच्या आतली हवा फुगते आणि कापडाला फोड येतो. काही बोर्डांना म्हणूनच हवा सोडायची झडप असते.

ईपीएसवर दाट पीव्हीसी फोमचा किंवा लाकडाचा पातळ पत्रा चिकटवलेले सँडविच बोर्डही मिळतात. खळग्यांच्या बाबतीत ते सगळ्यांना मागे टाकतात. मला ते फार ताठ वाटतात आणि दुरुस्तीही किचकट.

तर एकच बोर्ड घ्यायचा असेल तर माझं मत पीयूचा गाभा, त्यावर एपॉक्सी रेझिन आणि डेकला ४ अधिक ६. ही जोडी फारसं कुणी मागत नाही, पण सांगितलं तर बरेच शेपर करून देतात. पीयूची चाल तशीच राहते आणि कवच पॉलिएस्टरपेक्षा कमी ठिसूळ होतं. तुमच्याकडच्या लाटा कायमच मऊ आणि लहान असतील तर मात्र ईपीएस घ्या.

उन्हात सुकणाऱ्या दुरुस्ती-रेझिनची ट्यूब घेताना ती एपॉक्सी बोर्डांसाठीची आहे ना, एवढं बघा. पॉलिएस्टरवाली ईपीएसचा फोम खाते आणि एपॉक्सीच्या कवचावर नीट धरतही नाही. एपॉक्सीवाली दोन्ही बोर्डांवर चालते.