घरची काजूची दारू तरी चालते ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. वेंगुर्ल्यात माझं औषधांचं दुकान आहे. काजूचा हंगाम आला की काउंटरवर कुणीतरी म्हणतंच, "घरची शुद्ध दारू ती, तिना खयचो कॅन्सर?"

हा विश्वास कुठून येतो ते मला ठाऊक आहे. बोंडू, म्हणजे काजूची फळं, आपल्याच बागेतले, रस डोळ्यांदेखत काढलेला, भट्टीवाला ओळखीचा. आधी उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. राखणेच्या, म्हणजे जागेच्या राखणदार देवाच्या, नैवेद्यालाही तीच. भेसळ नाही ही गोष्ट चांगलीच, पण कॅन्सर भेसळीमुळे होतो असं नाही. धोका अल्कोहोलचाच आहे, आणि ते फेणीत, माडीत, बिअरमध्ये, महागड्या स्कॉचमध्ये एकच असतं. शरीर त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हे रसायन पेशींमधल्या डीएनएला इजा करतं आणि ती इजा भरूनही येऊ देत नाही. यकृतातच हे घडतं असं नाही, तोंडातले जंतूही लाळेत तेच तयार करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कॅन्सरकारक ठरवलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणी हा संबंध पक्का आहे. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तर रोजच्या एका पेगानेही वाढतो, आणि हे बायकांना कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

"मी फक्त बिअर घेतो" हेही नेहमीचंच. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, ५ टक्क्यांच्या ६५० मिली बिअरच्या बाटलीत २५ ग्रॅम.

त्यात तंबाखू आली की दोन्हींचा धोका नुसता एकात एक मिळवला जात नाही, कितीतरी पटींनी वाढतो. गेल्या पावसाळ्यात होडीवर जाणारा एकजण तोंडातल्या फोडावरचं जेल पुन्हा न्यायला आला. दाढेशी तंबाखूची गोळी, संध्याकाळी दारू. तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटंही आत जाईनात आणि गालाच्या आत पांढरा चट्टा. जेल दिलं नाही, दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथे चट्ट्याचा तुकडा तपासल्यावर कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. ऑपरेशन वेळेत झालं.

मग किती चालते? २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की निर्धोक असं प्रमाणच नाही. जितकी कमी, तितका धोका कमी. सोडल्यावर तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका उतरतो, हे अभ्यासातून दिसलंय. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणं, फिट येणं असं होऊ शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. आणि तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर माझ्या दुकानात न येता थेट त्यांच्याकडेच जा.