सात सक…

फेब्रुवारी उजाडला की माझ्या दवाखान्यात बुद्धीचं औषध मागणारे वाढतात. त्या सोमवारी आलेली मुलगी मात्र तिसरीतली. आई बसायच्या आतच म्हणाली, "मॅडम, हिला ब्राह्मी द्या. शंखपुष्पीचं सिरप दोन महिने पाजलं, काही फरक नाही. पाढे म्हणता म्हणता मध्येच विसरते. बाई म्हणतात, लक्षच नसतं."

आजीने ओल्या फडक्यातला पाला काढला. "घरची आहे, न्हाणीमागची." गोल, दातेरी कडांची पानं, लांब देठ. म्हणजे मंडूकपर्णी. आपल्याकडे बरेच जण हिलाच ब्राह्मी म्हणतात; नीरब्राह्मी वेगळी, तिची पानं बारकी, मांसल आणि कडू. अर्थात मंडूकपर्णीही कमी नाही, चरकांच्या चार मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायनांत ती आहेच.

मुलीला साताचा पाढा म्हणायला लावला. सात चोक अठ्ठावीस, सात पंचे पस्तीस, सात सक… आणि थांबली. नजर भिंतीवरच्या कालनिर्णयवर, पापण्या किंचित फडफडताहेत. आठ-दहा सेकंदं. मग जणू काही झालंच नाही अशी, "बेचाळीस, सात साती एकोणपन्नास."

विसरलेलं मूल अडखळतं, मागून सुरू करतं, आईकडे बघतं. ही तुटल्या टोकापासून पुढे गेली होती.

जोरजोरात श्वास सोडत राहिलं की असं थांबणं पुन्हा दिसू शकतं. ड्रॉवरमध्ये एक भिरभिरं होतं. म्हटलं, थांबू नको, जोरजोरात फुंकत राहा. दोन मिनिटं झाली असतील नसतील, चाक थांबलं. हात तसाच वर. हाक मारली, खांद्याला हात लावला, काही नाही. "बघा, असंच करते!" आई वैतागून म्हणाली.

खरं सांगते, क्षणभर मन ब्राह्मीघृताकडे, ब्राह्मीच्या औषधी तुपाकडे, गेलं. चरकांनी ते अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या, अध्यायातच दिलंय. पण आधी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, हवा होता. चिठ्ठी लिहिली पुण्याच्या मेंदूतज्ज्ञांसाठी, आणि सिरप त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. शंखपुष्पीच्या औषधाने फेनिटॉइन या फिटच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण घटतं, हे १९९२ सालीच छापून आलंय. हिला कुठली गोळी लागेल ते मला ठाऊक नव्हतं. धोका कशाला घ्या?

'फिट' शब्द ऐकून आजी उसळली. "फिट म्हंजे माणूस पडतं, तोंडाला फेस येतो. आमच्या पोरीला तसलं काई नाही. आन् हे बाहेर बोलू नका, पोरीची जात हाय." अर्धा तास त्यातच गेला. आई गप्प होती. शेवटी तिनेच चिठ्ठी उचलली.

ईईजीत सेकंदाला तीन या ठेक्याने लाटा आल्या. म्हणजे फिटच, पण न पडता क्षणभर हरवण्याची. गोळ्या सुरू झाल्या.

जूनमध्ये तिघी पुन्हा आल्या. पाढा बारापर्यंत न थांबता. आजीच्या फडक्यात तोच पाला. "आता चटणीत घालू का?" म्हटलं, गोळ्या आहेत तोवर तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि निघताना मी मुलीला भलत्याच नावाने हाक मारली.

आजीने पाला माझ्या टेबलावर ठेवला. "मग तुमीच खा, मॅडम."