कागदी लिंबाची जिन सावर

गेल्या आठवड्यात दादा-वहिनी नाशिकहून मुक्कामाला आले होते आणि शनिवारी रात्री जेवणाआधी मी सगळ्यांना जिन सावर, म्हणजे जिन, लिंबू आणि साखरेच्या पाकाचं आंबटगोड कॉकटेल, करून दिली. दादा पक्का व्हिस्की-सोडावाला, जिन म्हणजे टॉनिकमध्ये ओतायची गोष्ट एवढंच त्याला माहीत, त्यामुळे पहिला घोट त्याने जरा जपूनच घेतला. दुसऱ्या घोटाला काही बोलला नाही. ग्लास रिकामा झाल्यावर म्हणाला, "अगं हे केलंस कसं ते नीट लिहून पाठव मला." लिहायला बसले तर व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये मावेचना, म्हणून इथेच लिहितेय, दादा हे तुझ्यासाठी आहे, बाकीच्यांनीही करून बघा.

आधी माप सांगते म्हणजे पुढचं बोलणं सोपं. एका ग्लासला 60 मिली जिन म्हणजे आपला एक लार्ज, 20 ते 25 मिली लिंबाचा रस, 20 मिली साखरेचा पाक, आणि एका अंड्याचा पांढरा भाग. अंडं मोठं असेल तर अर्धा पुरतो. बस, एवढंच. मापायला पेग मेझर नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे प्लॅस्टिकचं खुणा केलेलं झाकण येतं ना ते धुऊन ठेवा, त्यावर 5, 10 मिलीच्या रेघा असतात, मी पहिले सहा महिने तेच वापरलं. अंदाजाने ओतू नका, कारण इथे 5 मिली लिंबू जास्त पडलं की सगळी चव हलते.

आता खरा मुद्दा, लिंबू. इंटरनेटवरच्या सगळ्या रेसिपी परदेशातल्या त्या मोठ्या पिवळ्या लेमनवर बेतलेल्या असतात आणि आपण घरात वापरतो ते कागदी लिंबू, त्याचा आंबटपणा जास्त टोकदार, वासही वेगळा. त्यांचं 30 मिलीचं माप जसंच्या तसं उचललं तर दात आंबतात. माझ्या पहिल्या दोन-तीन वेळच्या सावर याच कारणाने फसल्या, आणि मला वाटत राहिलं की जिनमध्येच काहीतरी कमी आहे. म्हणून कागदी लिंबाला मी 20 पासून सुरू करते. शिवाय आपलं लिंबू वर्षभर सारखं नसतं. पावसाळ्यात पातळ सालीची, रसाने भरलेली लिंबं स्वस्तात मिळतात आणि एप्रिल-मेमध्ये भाव डोक्यावर जातो तेव्हा हातात येतं ते कडक, हिरवं आणि पिळलं तर चमचाभर रस. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली साई सरबती नावाची जात आहे, ती बाजारात ओळखून मिळाली तर भाग्य, पण मी भाजीवाल्या मावशींकडे नुसतं "पातळ सालीची द्या" म्हणते आणि त्या बरोबर निवडून देतात.

आजी सांगलीला उन्हाळ्यात लिंबाचं सरबत करायची तेव्हा साखरेचं पाणी आधी करून ठेवायची आणि लिंबू पिळल्यावर तळहातावर दोन थेंब घेऊन चाखायची, मगच काय कमी-जास्त करायचं ते ठरवायची. घरात मापाचं भांडं होतं तरी ती तेच करायची. मी आता जिन सावरला तेच करते, जिन घालायच्या आधी लिंबू आणि पाक एकत्र करून चमच्याच्या टोकावर चाखते. नुसतं चाखताना सरबतापेक्षा बरंच कडक, जिभेच्या दोन्ही बाजूंना झिणझिण्या येतील इतकं आंबटगोड लागलं पाहिजे, कारण पुढे त्यात 60 मिली जिन आणि बर्फाचं पाणी मिसळणार आहे. तेव्हाच ते छान गोड सरबतासारखं लागत असेल तर शेवटी ग्लासात मिळमिळीत होतं. तिची अजून एक गोष्ट, लिंबू पिळताना बी चिरडायची नाही आणि सालीचा पांढरा भाग दाबून दाबून शेवटचा थेंब काढायचा नाही, कडू होतं. आणि रस त्याच वेळी काढायचा, सकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या रसाला रात्रीपर्यंत एक शिळा वास लागतो.

याच कारणाने मला बाटलीतल्या रसाचा एवढा राग आहे. एका चांगल्या नावाजलेल्या ठिकाणी वाढदिवसाला गेलो होतो, साडेसातशे रुपये एका ग्लासचे, आणि समोरच बारमागे त्या माणसाने हिरव्या बाटलीतलं तयार सावर मिक्स ओतलं. जिनचा वास नाही, लिंबाचा वास नाही, नुसती गोळीसारखी गोडी. फार वाईट वाटलं खरंच, कारण ज्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतली ते आता म्हणणार की जिन सावर म्हणजे हे असं असतं.

आणि ही गोष्ट मुळात लिंबाचीच आहे. जेम्स लिंड नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने 1747 मध्ये एचएमएस सॅलिस्बरी जहाजावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार) झालेल्या 12 खलाशांवर वेगवेगळे उपाय करून बघितले आणि ज्यांना संत्री-लिंबं दिली ते सगळ्यात लवकर उठले. तरी ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सगळ्यांना नेमाने द्यायला 1795 उजाडलं. जहाजावर दारू होतीच, साखर होती, आता लिंबूही आलं. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात हिंदुस्थानात येणाऱ्या इंग्रज खलाशांना इथे अरक म्हणजे इथली गाळलेली दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला असं पाच जिनसांचं पेय मिळालं, ते पंच, आणि तो शब्द आपल्या पाचवरूनच आला असं बरेच जण मानतात. मोठ्या बाऊलमध्ये चार लोकांनी मिळून प्यायचं ते पंच आणि एका ग्लासापुरतं केलं की सावर, इतकं सरळ नातं आहे. न्यूयॉर्कच्या जेरी थॉमसने 1862 ला बारटेंडरांसाठी जे पुस्तक छापलं त्यात जिन सावर आहे, पण त्यात अंडं नाही, ते नंतर आलं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला, म्हणजे आजीच्या सरबताचं आणि याचं कुठेतरी घराणं एकच.

पाकाचं पटकन सांगते. आपण पाक म्हटलं की हात आपोआप एकतारीकडे जातो, इथे तार अजिबात नको. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, मंद गॅसवर ढवळायचं, साखर विरघळली की लगेच बंद, उकळत ठेवायचं नाही. गार करून स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतो. नुसती साखर टाकायचा शॉर्टकट करू नका, थंड जिनमध्ये आपली जाड साखर विरघळत नाही, तळाशी खडखडत बसते.

जिन कोणती, तर साधी लंडन ड्राय म्हणजे गोडी नसलेली जिन, फ्लेवरवाली गुलाबी वगैरे नको. जिनचा आत्मा म्हणजे जुनिपरची फळं, आपल्या आयुर्वेदात त्यालाच हपुषा म्हणतात आणि त्याच नावाची एक जिनही निघते ज्यात हिमालयातलं जुनिपर असतं. गोव्यात जिन बनवणं गेल्या काही वर्षांत फार जोरात झालंय, 2017 मध्ये ग्रेटर दॅन आली, पुढच्या वर्षी स्ट्रेंजर अँड सन्स, त्यात तर गंधराज लिंबू आणि नागपुरी संत्र्याची सालं आहेत म्हणून सावरला ती मला जास्त जवळची वाटते. पण ग्रेटर दॅन स्वस्त पडते आणि चव स्वच्छ आहे, शिकताना तीच घ्या. आणि हो, महाराष्ट्रात वयाची 25 वर्षं पूर्ण आणि परवाना हे दोन्ही कायद्याने लागतं.

आता अंडं. वहिनी अंडं खात नाही, तिच्यासाठी मी काबुली चणे शिजवल्यावर जे दाटसर पाणी उरतं ते 25 मिली वापरलं. चणे बिनमिठाचे शिजवायचे आणि पाणी पातळ वाटलं तर थोडं आटवून घ्यायचं, बोटाला किंचित चिकट लागलं पाहिजे. फेस इतका छान आला की दादाला दोन ग्लासांतला फरक ओळखता आला नाही. अंड्याचं असेल तर ताजंच घ्या, पाण्यात टाकल्यावर तळाशी आडवं बसणारं, आणि कच्चं असल्यामुळे गरोदर बायकांना जिनच नको तो भाग वेगळा, पण ज्यांची तब्येत नाजूक आहे त्यांनाही चण्याच्या पाण्याचीच द्या.

शेकर नसला तरी चालतं, मी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरते. सगळं आत घालायचं, बर्फ नाही, झाकण तळव्याने दाबून धरून 15 सेकंद जोरात हलवायचं. यात अंड्यातली प्रथिनं सुटी होऊन हवा धरून ठेवतात, तोच फेस. झाकण दाबायचं विसरू नका, बर्फाशिवाय हलवताना ते आतून वर येतं आणि एकदा माझा अख्खा ग्लास ओट्यावर आणि भिंतीवर गेला. मग डबा उघडून बर्फ भरायचा, ट्रेमधले अख्खे मोठे खडे, फोडलेला पाणी सुटलेला बर्फ नको, आणि परत 12-15 सेकंद. इथे डब्याचा आवाज ऐका, आधी खणखण वाजतो, मग खडे झिजत जातात तसा आवाज बसत जातो, आणि बाहेरून डब्यावर पांढरं दव धरतं, बोटं दुखायला लागतात इतका गार. तेव्हा थांबायचं. बर्फ नुसता गार करत नाही, त्याचं पाणी सुटून पेय बरंच वाढतं आणि ते पाणी हवंच असतं, त्याशिवाय जिन घशाला लागते. गारव्याने झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसतं, त्याला पक्कड वगैरे लावू नका, कडेवरून नळाचं पाणी सोडलं की निघतं.

चहाच्या गाळणीतून गाळून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या ग्लासात ओतायचं. आधी सगळं दुधाळ दिसतं, मिनिटभर हात लावू नका, खालून हळूहळू निवळत जातं आणि वर बोटभर पांढरा फेस वेगळा होतो, तो इतका घट्ट असतो की त्यावर लिंबाची साल ठेवली तर बुडत नाही. ती साल फेसावर नुसती मुरडून तेल उडवायची, अंड्याचा तो हिवस वास असतो ना तो त्याने पूर्ण जातो. अँगोस्टुरा बिटर्स (मसाल्यांचा कडवट अर्क) असेल तर दोन थेंब. वर सोडा घातला की ती सावर राहत नाही, फिझ होते, तीही छान लागते पण ती पुन्हा कधीतरी.

दादा, तू जाताना विचारलं होतंस की कोकम घातलं तर चालेल का. अमृत कोकम घालणार असशील तर त्यात साखर असतेच, तेव्हा पाक पूर्ण बंद कर आणि लिंबू 15 मिलीच ठेव. आगळ घेणार असशील तर त्यात मीठ असतं, एक छोटा चमचा पुरे, पाक 25 मिली कर आणि आधी चाखून बघ. मी रविवारी आगळाची करून बघणार आहे, जमली तर फोन करते.