रेतीतला शिंपला

परवा घरापुढं रेतीचा ढीग पडला, म्हणजे मीच टाकायला लावला, मागच्या खोलीचं प्लास्टर राहिलंय त्यासाठी. दोन ब्रास. ट्रॅक्टरवाल्यानं पहाटे तीनला आणून ओतली अन् कुठून आणली ते मी विचारलं नाही, आपल्याकडं कोणी विचारत नाही. दुपारी मिस्त्री जेवायला गेला तेव्हा मी उगाच ढिगाशी जाऊन बसलो, चप्पल काढून पाय आत खुपसले. वरून चटका, आतून गारवा, अन् अंगठ्याला काहीतरी टोचलं. शिंपला. नखाएवढा, एका बाजूनं फुटलेला.

झालं, दुपार गेली.

आमच्या मोठ्या बाबांचं गाव वर्धेच्या काठावर, कौंडण्यपूरच्या जरा वरच्या अंगाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस नदीवर रोडगे व्हायचेच. बंडीत गोवऱ्या, वांगे, कणकेचा डबा, तुपाचा गडवा अन् वर आम्ही सात-आठ पोट्टे. पाणी मात्र घरून न्यायचं नाही, नदीवर चाललो अन् पाणी काय न्यायचं? पोचल्याबरोबर पहिलं काम म्हणजे झिरा. हातानं रेती उपसायची, बाजूची घसरून परत आत यायची, परत उपसायची, असं करता करता कोपरापर्यंत हात गेला की तळाला ओल लागायची, मग गढूळ पाणी. ते वाटीनं दोन-तीनदा काढून फेकायचं. "आता हात नका लावू बे, बसू द्या त्याले," मोठे बाबा ओरडायचे. मग आम्ही पालथे पडून खड्ड्यात बघत राहायचो. तळाशी रेतीचे कण उकळल्यासारखे नाचायचे. हळूहळू पाणी इतकं नितळ व्हायचं की आहे की नाही तेच कळायचं नाही, वाटी बुडवली की कळायचं.

रोडग्यांचं काय सांगायचं, तुम्ही खाल्लेच असतील. राख फडक्यानं झटकायची, रोडगा मुठीनं फोडायचा, वर तूप, बाजूला गंजातली वांग्याची भाजी. पण दाताखाली रेतीचा एक तरी कण कचकन लागला पाहिजे. लग्नातल्या बुफेत आजकाल रोडगे ठेवतात, छान असतात, तूपही भरपूर असतं, पण मला ते खाल्ल्यासारखे वाटत नाहीत. बायको म्हणते, चिमूटभर घेऊन जात जा ना खिशात.

अन् जेवणावर डांगर. (पुण्याकडचं डांगर वेगळं, ते सोडा; आमचं म्हणजे नदीच्या रेतीतल्या वेलाचं गोड फळ.) पात्रातच डांगरवाडी असायची, रेतीत चर खणून, शेणखत टाकून लावलेले वेल, भोवती पऱ्हाट्यांचं कुंपण. राखणीला एक म्हातारी मावशी. ती डांगरावर टिचकी मारून कान लावायची अन् "हे नाही बाप्पा, उद्या ये" म्हणायची. गिऱ्हाईक परत लावणारी अशी दुकानदारीण मी नंतर पाहिली नाही.

मागच्या वर्षी गेलो होतो. वर सिंभोऱ्याला धरण होऊन जमाना झाला, 13 दरवाजे, पावसाळ्यात ते उघडले की अर्धा जिल्हा पाहायला लोटतो, आम्हीही जातो. त्याला नावं ठेवायची सोय नाही, अमरावतीला बहिणीच्या नळाला तेच पाणी येतं. पण आमच्या घाटावर रेतीच नव्हती. काळे दगड, चिखल, बेशरमाची झाडं अन् ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. पोराला झिरा दाखवायचा होता. त्यानं काठीनं जरासं उकरलं, खाली दगड लागला. बिसलरी प्यायलो, परत आलो.

मिस्त्री जेवून आला, शिंपला पाहून म्हणाला, "ते निवडून टाका भाऊ, प्लास्टरात गेलं की पापुद्रा सुटते."

निवडले. ढिगात बरेच निघाले, चहाचा एक कप भरला. तो खिडकीत ठेवलाय. अजून एक ब्रास लागते म्हणाला, पाऊस यायच्या आत. ट्रॅक्टरवाल्याला फोन केलाय, रात्री टाकतो म्हणाला.