20 किलोच्या पुढे जजच्या हातात काही राहत नाही

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला गांजाची शेती पकडली ही बातमी आपल्याकडे आता नवीन राहिली नाही. कपाशीत नाहीतर तुरीत मधेमधे लावलेली झाडं, पोलिसांनी उपटून केलेला ढीग, मागे साहेब लोक उभे, आणि खाली कमेंट ठरलेल्या, सडवा यांना जेलमध्ये. मी धुळ्यात वकिली करतो, अशा केसेस बघतो, गांजाच्या नादाने वाया गेलेली पोरंही बघितलीत त्यामुळे नशेचं समर्थन मला अजिबात करायचं नाही. पण सडतं कोण ते जरा बघा.

कायदा 1985 चा, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. 2001 च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. गांजा 1 किलोच्या आत असेल तर जास्तीत जास्त 1 वर्ष, 1 ते 20 किलोच्या मधे असेल तर 10 वर्षांपर्यंत कितीही, आणि 20 किलोच्या वर गेला की कमीत कमी 10 वर्षं सक्तमजुरी, वर कमीत कमी 1 लाख दंड. यापेक्षा कमी शिक्षा जजला देताच येत नाही, समोरचा माणूस माल विकणारा आहे की नुसता पाणी भरणारा, काही फरक पडत नाही.

आता यातली गंमत नाही, अन्याय बघा. गांजाचं झाड लावणं हा कलम 20 मधेच वेगळा गुन्हा आहे, त्याला 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे पण मिनिमम नाही. तीच झाडं उपटून काट्यावर ठेवली, वजन 20 किलोच्या वर गेलं आणि गांजा ताब्यात होता असं कलम लावलं की थेट मिनिमम 10. त्यातही कायद्याने गांजा म्हणजे फुलाफळाचे शेंडे, सोबत शेंडे नसतील तर पानं आणि बिया धरायच्याच नाहीत. आणि पंचनाम्यात काय असतं? मी वाचलेल्या एकात होतं, हिरवी ओलसर झाडे, मुळांसह, पाने, फुले व काड्या असलेली, आणि सगळं ताडपत्रीत बांधून एकदाच वजन. मुळांची माती पण त्यातच. ओलं झाड वाळल्यावर किती उरतं हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. इथे काही किलोंचा फरक म्हणजे माणसाच्या आयुष्यातली 10 वर्षं आहेत!

त्या केसमधला पोरगा सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर. जमीन वनखात्याची, अतिक्रमणातली, सातबाऱ्यावर शेत करणाऱ्याचं नावच नाही, ज्याने सालाने ठेवला तो फरार, मग नाल्यावर इंजिन लावून पाणी भरताना जो सापडला तोच आरोपी. कलम 37 मुळे जामीन पण अवघड, कारण आरोपी निर्दोष असावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि तो सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, हे दोन्ही कोर्टाला आधीच पटावं लागतं. त्याची आई तारखेला यायची, दर वेळी एकच विचारायची, "भाऊ, मना पोऱ्या कव्हय सुटी?" म्हणजे माझा पोरगा कधी सुटेल. काय सांगणार. खटला लांबला म्हणून जामीन देता येतो असं 2023 मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, तेवढाच आधार.

आणि तो 1 लाख दंड. भरला नाही तर अजून कैद, म्हणजे गरिबाला ती वेगळीच शिक्षा झाली. 2012 मधे गुजरातच्या एका केसमधे सुप्रीम कोर्टाने दंडाबदलीची कैद 3 वर्षांवरून 6 महिन्यांवर आणली, मूळ कैदही 15 वरून 10 वर्षांवर आणली, पण त्या मिनिममच्या खाली जाता आलं नाही.

अपवाद अजिबात नाहीत असं नाही. कलम 64अ खाली स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला संरक्षण आहे, पण ते सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या केसला. कलम 39 खाली व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवता येतं, ते पण तेवढ्यालाच. म्हणजे ओढणाऱ्याला थोडीफार वाट आहे, मजुराला काहीच नाही. अमेरिकेने 1986 ला ड्रग्जसाठी असेच 5 आणि 10 वर्षांचे कडक मिनिमम आणले, पण 1994 मधे त्यांनीच एक पळवाट नाही, वाट ठेवली, की आधीचे गुन्हे फारसे नाहीत, हत्यार नाही, हाणामारी नाही, म्होरक्या नाही आणि माहीत होतं ते सगळं खरं सांगितलं, तर जज मिनिममच्या खाली जाऊ शकतो. 2018 ला ती अजून रुंद केली.

लांब कशाला जायचं, आपल्याच शस्त्र कायद्यात कलम 25(1ब) मधे लिहिलंय की पुरेशी आणि खास कारणं निकालात नोंदवून कोर्ट मिनिममपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. बेकायदा कट्टा बाळगणाऱ्यासाठी जजवर एवढा विश्वास ठेवता, मग सालदारासाठी का नाही? तेच वाक्य कलम 20 मधे घाला, एवढीच माझी मागणी आहे. म्होरक्याला 20 वर्षं द्या, माझी हरकत नाही.

तोवर कोणाच्या घरचं माणूस अशा केसमधे अडकलं असेल तर पहिल्यांदा पंचनाम्याची नक्कल मिळवा, वजन कशाचं आणि कसं केलं, शेंडे वेगळे काढले का, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घेतले का, हे वकिलाला बघायला लावा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या, अटकेत असलेल्याला आणि आदिवासींना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो.