डिझेल की पेट्रोल? आधी गाडीचा दिवस सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘माल वाहायला छोटी पिकअप घ्यायची आहे, डिझेल घेऊ की पेट्रोल?’ हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तराआधी माझाच एक प्रश्न तयार असतो. सकाळी गाडी चालू केली की ती पहिल्यांदा बंद किती मिनिटांनी होते?

बहुतेकांना हे वाकडं वाटतं, कारण वर्षाला किती किलोमीटर एवढंच विचारायची पद्धत पडली आहे. पण १५,००० किलोमीटर दोन तऱ्हांनी होतात. एकजण आठवड्यातून तीनदा शंभर-शंभर किलोमीटर सलग जातो. दुसरा सहाही दिवस पाच-पाच किलोमीटरच्या दहा फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी बंद करून माल उतरवतो. मीटरवर आकडा तोच येतो. पहिल्याला मी डिझेल घ्या म्हणेन, दुसऱ्याला डिझेलच्या वाटेला जाऊ नका म्हणेन.

मी स्वतः त्या दुसऱ्या माणसाच्या जागी होतो. तेव्हा डिझेल घेतलं ते ॲव्हरेज बघून. वर्षभरातच फिल्टरचा दिवा लागायला लागला. थोडी लांब फेरी झाली की तो विझायचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस इंजिन ऑइल मोजायची काडी काढून बघितली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं होतं, आणि त्याला डिझेलचा वास येत होता.

त्यामागचं कारण समजून घ्या, कारण गाडी घेताना हे सहसा कोणी सांगत नाही. आजच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी स्वतःच ती काजळी जाळते. त्यासाठी आत साधारण ६०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते आणि ती आणायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. हे काम पुरं व्हायला गाडी बराच वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालायला हवी. मध्येच चावी बंद केली की काजळी तशीच राहते. आणि सिलिंडरमध्ये सोडलेल्या डिझेलमधलं जे जळलं नाही, ते पिस्टनच्या रिंगांवरून झिरपत खाली ऑइलमध्ये उतरतं. असं वारंवार झालं की ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं व टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) झिजायला लागतात. माझ्या गाडीचा फिल्टर शेवटी बदलावा लागला. गाडीचा दोष नव्हता, मी तिला चुकीचं काम दिलं होतं.

हे ऐकून कोणी डिझेलला नावं ठेवू नयेत. भरलेल्या हौद्यानिशी लांब चढ चढताना डिझेलची ओढ अनुभवली की माणूस ती विसरत नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेलमध्ये नुसती हवाच १५ ते १८ पट दाबतात. त्या दाबाने ती इतकी तापते की डिझेल फवारताक्षणी पेट घेतं. जितका दाब जास्त, तितकं त्याच उष्णतेतून काम जास्त निघतं. रुडॉल्फ डिझेलचं १८९७ सालचं इंजिन इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी लावत होतं आणि त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना ते जमत नव्हतं. शिवाय डिझेलमध्ये हवा अडवणारी झडप जवळजवळ नसल्यासारखी. पेट्रोल इंजिन हळू चालताना अर्धवट मिटलेल्या झडपेतून श्वास ओढत राहतं आणि त्यात इंधन वाया जातं. टर्बो लावलेलं डिझेल इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार वेळा फिरत असतानाच पूर्ण जोर देतं, त्यामुळे चढावर सारखा गिअर पाडावा लागत नाही.

पण ॲव्हरेजच्या आकड्यात एक मेख आहे. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण १२ टक्के ऊर्जा मुळातच जास्त असते, म्हणजे दिसणारा सगळाच फरक इंजिनाचा नसतो. धूरही तसाच: लिटरभर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.७ किलोच्या आसपास.

हिशोब असा करा. समजा डिझेल लिटरला १२ किलोमीटर देतं आणि पेट्रोल ९. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवलंत तर ८३३ लिटर विरुद्ध १,१११ लिटर, म्हणजे २७८ लिटरांची बचत. ४०,००० चालवलंत तर तीच बचत १,१११ लिटरांवर जाते. मग गाडीच्या किमतीतला फरक आणि डिझेलच्या सर्व्हिसिंगचा जादा खर्च त्यासमोर मांडा. इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप त्यात जरूर धरा. आजच्या डिझेलमध्ये इंधन दोन हजार बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट दाबाने फवारतात. टाकीत थोडं पाणी गेलं किंवा चुकून पेट्रोल भरलं गेलं तर हे भाग खराब व्हायला वेळ लागत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांना धुरातले घातक वायू कमी करायला युरियाचं द्रावण वेगळं भरावं लागतं, आणि कडाक्याच्या थंडीत, उणे ११ अंशांना, ते गोठतं.

पेट्रोलवाल्यांनाही एक सांगतो. लहान टर्बो पेट्रोल इंजिन रिकाम्या गाडीत फार गोड चालतं, ॲव्हरेजही चांगलं देतं. पूर्ण लोड टाकून चढावर न्या, मग बघा. खूप जोर पडला की काही इंजिनं आतली उष्णता आवरायला जादा पेट्रोल सोडतात, आणि कागदावरचा आकडा बराच खाली येतो. म्हणून चाचणी घ्याल तर हौदा भरून घ्या.

आणखी एक तपासा. डिझेल इंजिन सहसा जड असतं. गाडीचं मालासकट वजन किती असावं याची मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे एकाच मॉडेलमध्ये डिझेलचा हौदा कधीकधी कमी माल घेतो. दोन्हींचे वजनाचे आकडे शेजारी ठेवून वाचा.

धुराबद्दल मी आता पूर्वीपेक्षा कडक झालो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातला. फिल्टर चांगला असेल तर काजळी खूपच कमी होते. पण फिल्टर सारखा भरतो म्हणून तो काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून माल भरणाऱ्या पोरांच्या छातीत तो धूर जातो. तुमचं काम शेडच्या आत-बाहेर, थोड्या थोड्या अंतराचं असेल तर केवळ एवढ्यासाठीही मी पेट्रोल घ्या म्हणेन.

तरीही ठरत नसेल तर सध्या जी गाडी वापरता तिच्यात एक वही ठेवा. प्रत्येक फेरीला चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि अंदाजे वजन, एवढंच पंधरा दिवस लिहा. ते पान मला दाखवा, मग बोलू.