तोंडावर जाऊ नये

ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरांपैकी एक. त्याच्या तोंडावर जाऊ नये. तोंडाची ठेवणच अशी, की तो सदा हसतमुख दिसतो. पोट भरलेलं असो की बिघडलेलं, पाणी स्वच्छ असो की खराब, हसू जागचं हलत नाही. पापण्याही नाहीत, त्यामुळे डोळे बघून झोपलाय की जागा आहे ते कळायचीही सोय नाही. त्यात तासन् तास तळाशी ढिम्म पडून राहणं हा स्वभावच. नवख्याला वाटतं, आटोपलं!

बघायचं ते कल्ल्यांकडे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन दांड्या, त्यांना मऊ झालर. आमच्याकडच्या पांढऱ्याचे कल्ले निवांत असताना फिकट गुलाबी असतात. गांडूळ गिळून टाकीत एक चक्कर मारली की लालबुंद. रक्त जोरात धावतंय, एवढाच त्याचा अर्थ. मधूनच तो सगळे कल्ले एकदम मागे झटकतो आणि बघणारा दचकतो. पण कल्ल्यांभोवतीचं शिळं पाणी हटवून ताजं घ्यायची त्याची ती रीतच आहे. (एरवी हे कल्ले तो जन्मभर बाळगतो. १८६५ साली पॅरिसमध्ये काहींचे कल्ले नाहीसे होऊन ते जमिनीवरचे सॅलॅमँडर झाले, तेव्हा जाणकारही चाट पडले होते.)

काळजी करावी ती कल्ले पुढे, तोंडाच्या दिशेने वळून तसेच राहिले तर. जोडीला शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं, की मी तर्क लढवत बसत नाही. फिल्टरची धार थेट अंगावर येतेय का ते बघतो, मग पाणी तपासतो. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे टाकीतल्या घाणीतून पाण्यात उतरणारी विषं, शून्यच हवेत. 'थोडंसं चालतं' हा हिशोब इथे नाही. मग थर्मामीटर. हा मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावरच्या गार पाण्यातला. १६ ते १८ अंश सेल्सिअस त्याला मानवतं. पारा २४च्या पुढे गेला, की जिवावर बेतू शकतं.

त्याला फुप्फुसंही आहेत. म्हणून अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं, जरा तरंगणं, मग बुडबुडा सोडून खाली जाणं, यात काही वावगं नाही. सारखाच वर धावू लागला, तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडत असावा. मागचा भाग वर करून तरंगतोय आणि धडपडूनही खाली जाता येत नाही, तर मात्र पोटात काही अडकल्याची शंका घ्यावी. टाकीत बारीक खडी असेल तर पहिला संशय तिच्यावरच, आणि गाठायचा तो उभयचरांची माहिती असलेला पशुवैद्य.

पांढऱ्याच्या बोटांची टोकं वयात येताना काळसर होतात. ते सडणं नव्हे. बुरशी वेगळी दिसते, कल्ल्यांना कापसाचे पुंजके चिकटल्यागत. आणि वर्षभराचा होता होता मागच्या पायांमागे फुगवटा दिसला, की गाठ आली म्हणून हवालदिल होऊ नये. तो नर आहे, एवढंच ते सांगतं. आमच्याकडे त्याचं नाव राणी आहे, आणि ते आता बदलायला घरात कुणी तयार नाही.